आधी चांगल्या किती फेकल्या ते बघा

सुजाताचा फोन आला तेव्हा मी पिरनवाडीच्या घराच्या गच्चीवर, गावाकडून आलेल्या तांदळाला ऊन दाखवत होतो. फोनवर नाव उमटले नाही, नुसता नंबर. "काका, मी सुजाता, निपाणीहून. बाबा गेले... आज सकाळी." मी विचारले, "कुठं गेले?" बाप गेलेल्या मुलीला मी हे विचारले. ती अगदी तिच्या वडिलांसारखी, मंद मुलाला समजावून सांगावे तशा सुरात म्हणाली, "गेले, काका. दवाखान्यात नेईपर्यंत काय राहिलंच न्हाय." मी बरं म्हटले आणि फोन ठेवला. त्यानंतर कितीतरी वेळ मी तांदळातले खडे वेचत राहिलो. त्याला आता सात आठवडे झाले. सुजाताचा बाप मधुकर शिंगे हा माझा चाळीस वर्षांचा मित्र, आणि त्यातली शेवटची नऊ वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. चूक माझी होती. हे वाक्य मी लेखाच्या शेवटी लिहिणार होतो, पण तिथपर्यंत धीर टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून इथेच लिहून टाकतो.

आमची ओळख एम.एस्सी.च्या वसतिगृहातली. मी खानापूरच्या पलीकडच्या एका भातशेतीच्या गावातला, तो निपाणीचा. त्याची आई घरी बसून बिड्या वळायची. तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची आणि पुढे मीही म्हणू लागलो. मधूची एक सवय मला तेव्हा फार विचित्र वाटायची. कागद कसलेही असोत, वर्गातली टिपणे असोत की सोडवलेली गणिते, तो ते पंचवीस-पंचवीस मोजून दोऱ्याने बांधून ठेवायचा. बिड्यांचा कट्टा पंचवीसचा असतो, आणि लहानपणापासून आईबरोबर कट्टे बांधून त्याच्या बोटांना तेच वळण पडले होते. गाठ अशी मारायचा की एरवी हलू नये आणि एका बोटाने ओढली की सुटावी. मला शिकवायचा प्रयत्न त्याने दोनदा केला आणि "तुझी बोटं भात लावायचीच रं," म्हणून नाद सोडला. मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर मीही त्याच्या सोबतीला जायचो. तिथला कारकून मान वर न करता कानडीत "नाळि बर्री" म्हणायचा, म्हणजे उद्या या. हे इतक्या वेळा ऐकले की ते आमचे परवलीचे वाक्यच झाले. कुठलेही काम टाळायचे असले की एकाने दुसऱ्याला म्हणायचे, नाळि बर्री. पुढे बेळगावातल्या एकाच कॉलेजात, एकाच विभागात आम्हाला नोकऱ्या लागल्या तेव्हा स्टाफरूममध्येही ते चालू राहिले.

तुला संख्याशास्त्र कुणी शिकवले असे विचारले तर मधू आक्काचे नाव सांगायचा, आणि ती थट्टा नसायची. वळलेल्या बिड्या बायका कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथे एक चेकर बसलेला असायचा. तो कट्टे बघून सदोष बिड्या बाजूला काढायचा. त्या बिड्यांना छाट म्हणायचे. छाटीत गेलेली मेहनत फुकट. एकदा तिथे जुन्या चेकरच्या जोडीला नवा आला. जुना एखाददुसरी बिडी काढायचा, नवा मूठभर. मॅनेजर नव्यावर खूश होता. म्हणायचा, ह्याची नजर बघा, एक वाईट बिडी सुटत नाही, जुना नुसता आंधळा आहे. बायका रडकुंडीला आल्या. आक्काने मात्र एक काम केले. तिने एकही खोट नसलेले चार कट्टे वळले, आणि दोन जुन्यापुढे, दोन नव्यापुढे ठेवले. जुन्याने दोहोंत मिळून एक बिडी काढली. नव्याने नेहमीसारख्या मूठभर काढल्या. मग ती मॅनेजरपुढे जाऊन उभी राहिली. ती काय बोलली हे मधूने मला इतक्या वेळा सांगितले होते की मीच तिथे हजर होतो असे वाटते. "सायेब, डोळं झाकून अर्ध्या फेकल्या तरी वायट घावतीलच की. त्यात नजरंची काय ताकद? आदी चांगल्या किती फेकतोय ते बगा. दोगांस्नी चांगल्या सारख्याच फेकू द्यात, आन् मग वायट कोण जास्त धरतोय ते मोजा." मॅनेजरने ऐकून घेतले, नवा चेकर ठेवला आणि जुन्याला घरी पाठवले. आक्काला महिनाभर वळायला पान-तंबाखू मिळाली नाही. गोष्ट इथेच संपते. मधू ती वर्गात सांगायचा तेव्हा मुले विचारायची, मग सर, पुढं काय झालं? तो म्हणायचा, काही झालं नाही.

पुरवणीच्या वाचकांसाठी आता थोडे आमच्या धंद्यातले सांगायला हवे. आमच्याकडे कसोट्या असतात. दोन गटांत, समजा दोन वेगळी औषधे घेतलेल्या रुग्णांत, खरोखर फरक आहे की दिसतो तो नुसता योगायोग, हे त्या ठरवतात. कसोटीच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. फरक नसताना ती "आहे, आहे" म्हणून ओरडते, म्हणजे चांगली बिडी छाटीत. किंवा फरक असताना गप्प बसते, म्हणजे वाईट बिडी कट्ट्यात. असलेला फरक ती शंभरातून किती वेळा पकडते, त्याला तिची ताकद म्हणायचे, पॉवर. आता दोन कसोट्यांची ताकद ताडून बघायची तर आधी दोघींची खोटी ओरड सारखी करून घ्यावी लागते. एकीची शंभरात पाच तर दुसरीचीही पाचच. ते न करता केलेली तुलना म्हणजे त्या मॅनेजरची तुलना. हे मी तीस वर्षे शिकवले, परीक्षेत विचारले, चुकलेल्या मुलांचे गुण कापले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरे काय.

पीएच.डी. मी उशिरा केली आणि तिच्यातून एक नवी कसोटी मांडली. प्राध्यापकपदाची मुलाखत जवळ आली होती, नावावर एक वजनदार शोधनिबंध हवा होता. तेव्हा मी माझ्या कसोटीची जुन्या, सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या कसोटीशी तुलना करून एक तक्ता बनवला. गट दहा-बारा जणांचे. प्रत्येक ओळीत माझी कसोटी पुढे, आणि थोडीथोडकी नव्हे. नियतकालिकाने निबंध स्वीकारला. मी तो तक्ता बायकोला दाखवला. तिला त्यातले काही कळत नव्हते, तरी ती पेढे घेऊन आली. मधूला दाखवला तेव्हा त्याने पेढा खाल्ला, तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिला, आणि जरा घरी नेतो एवढेच म्हणाला. मला वाटले, कौतुक करायला शब्द सापडत नसतील.

पुढच्या रविवारी सकाळी तो आला. बायकोने चहा दिला. त्याने शर्टच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. त्याने साधी गोष्ट केली होती. दोन्ही गट मुद्दाम अगदी सारखे ठेवून, म्हणजे फरक नावालाही नसताना, माझी कसोटी संगणकावर दहा हजार वेळा चालवून बघितली होती. ती पाचाच्या जागी दुपटीहून जास्त वेळा ओरडत होती. कारणही साधेच. कोणत्या आकड्यापलीकडे गेले की "फरक आहे" म्हणायचे, त्या आकड्याला आम्ही कट-ऑफ म्हणतो. मी तो पुस्तकातल्या कोष्टकातून उचलला होता, आणि ते कोष्टक मोठ्या गटांसाठीचे. दहा-बारा जणांना ते लागू नव्हते. मधूने दोन्ही कसोट्यांचे कट-ऑफ नव्याने काढले होते, दोघींची खोटी ओरड शंभरात पाचच राहील असे, आणि मगच ताकद मोजली होती. माझी कसोटी जवळजवळ प्रत्येक ओळीत मागे होती, उरलेल्या ठिकाणी बरोबरीत. "परशा, हा तर नवा चेकर हाय रं," तो हसून म्हणाला. त्याला वाटले मीही हसेन.

मी हसलो नाही. मी म्हणालो की तू जळतोस. तो म्हणाला, निबंध मागे घे, आपण दोघं मिळून नीट करू, फार तर सहा महिने लागतील. मुलाखत तीन आठवड्यांवर होती. मला तो कागद दिसत नव्हता, मला त्याचा शांत चेहरा दिसत होता, आणि त्याचे बरोबर असणे मला सहन होत नव्हते. आणि मग मी ते बोललो. आजवर हे कुणाला सांगितलेले नाही. बायकोने आतून ऐकले होते, पण नऊ वर्षांत तिनेही कधी विषय काढलेला नाही. मी म्हणालो, "माझा कट-ऑफ तपासायला आलायस व्हय? तुला नोकरी लागली तवा तुझा कट-ऑफ कुणी लावलता रं? तुझी पॉवर कुठल्या टेबलातनं आली ते समद्यांस्नी ठाऊक हाय."

एम.एस्सी.ला तो माझ्या पुढे होता. नोकरीच्या मुलाखतीतही. हे मला त्या क्षणी माहीत होते, आणि तरीही ते वाक्य माझ्या तोंडात तयार होते. एका क्षणात तयार होणारे वाक्य नव्हे ते. कुठेतरी आत ते वर्षानुवर्षे बसून असणार, त्याच्याबरोबर एका ताटात जेवत होतो तेव्हाही... मधूने कागदाची घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "चौथीच्या वर्गात आमच्या गल्लीतली चौदा पोरं होती. माझ्यापरीस हुशार पाच-सहा तरी असतील. समदी छाटीत गेली. ती आदी मोज, परशा. मग माझा कट-ऑफ बोल." आवाज चढलेला नव्हता. तो उठला, आपला कप उचलून मोरीत घेऊन गेला, विसळला आणि पालथा घालून ठेवला. वीस वर्षांत आमच्या घरी त्याने कधी कप विसळला नव्हता.

निबंध छापून आला. मुलाखत झाली, मी प्राध्यापक झालो. कॉलेजने शाल-श्रीफळ दिले तेव्हा मधू तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. पहिले वर्षभर मला रोज वाटायचे की आज तो त्या नियतकालिकाला पत्र लिहील. एका पानाचे पत्र पुरले असते. त्याने लिहिले नाही. मी त्याचा अर्थ असा लावला की तो मला घाबरतो. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, तसे माझे झाले होते. एका विभागात, एका कपाटाच्या दोन किल्ल्या घेऊन आम्ही सात वर्षे काढली. वेळापत्रकाचे निरोप चिठ्ठीवर लिहायचो. कपाट उघडले की त्याच्या कप्प्यात उत्तरपत्रिकांचे पंचवीस-पंचवीसचे कट्टे दिसायचे, आणि मी दार पटकन लावायचो. माफी मागायची हे मला पहिल्याच आठवड्यात कळले होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असे म्हणतात, पण माझ्यात पीळसुद्धा नव्हता, नुसती लाज होती. रोज सकाळी ठरवायचो, आणि रोज माझाच मेलेला आवाज म्हणायचा, नाळि बर्री. मग दोघे निवृत्त झालो आणि तो निपाणीला आईच्या घरी राहायला गेला. आता तर दीड तासाची बस धरावी लागणार होती. टाळायला तेवढेही पुष्कळ होते.

ती बस मी धरली ती तो गेल्यावर. संकेश्वर येईपर्यंत बसमध्ये मी काय बोलायचे याची जुळवाजुळव करत होतो, आणि मग लक्षात आले की ज्याच्याशी बोलायचे तो तिथे नाही. अंत्ययात्रेत मी मागे राहिलो. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पुन्हा गेलो आणि शेवटच्या खुर्चीवर बसलो. त्याचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः शिकवणारा, उभा राहून बोलला. म्हणाला, शिंगे सर पॉवर शिकवताना दोन उदाहरणे द्यायचे, एक आईच्या बिड्यांचे आणि दुसरे एका मित्राच्या कसोटीचे. मित्राचे नाव त्यांनी कधी सांगितले नाही. सर म्हणायचे की ती कसोटी वाईट नाही, तिला कट-ऑफ चुकीचा लागला म्हणून तिची फसगत झाली. कुठंतरी ती खरी जिंकत असेल, ते ठिकाण शोधायला पाहिजे. सभेत दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. माझा मित्र माझी बाजू मांडत होता, माझ्या पाठीमागे, इतकी वर्षे.

लोक गेल्यावर सुजाताने मला आतल्या खोलीत नेले. भिंतीवर आक्काचे सूप टांगलेले आहे, ज्यात पाने-तंबाखू घेऊन ती बिड्या वळायची. त्याच्या खाली मधूचे टेबल. टेबलावर कागदांची एक चळत होती, न बांधलेली. तिच्यावर दोऱ्याचे रीळ. सुजाता म्हणाली, "हे तुमचं हाय, काका. बाबा म्हणायचे, एक तरी जागा घावू दे, मग परशाकडं जातो. मोकळ्या हातानं कसं जायचं?" आणि ती बाहेर निघून गेली. तिला सगळे माहीत होते की नाही, मला विचारायचा धीर झाला नाही.

प्रत्येक कागदाच्या माथ्यावर मधूच्या अक्षरात एक परिस्थिती लिहिलेली होती. गट आणखी लहान. एका गटात चढउतार जास्त. मधेच एखादे टोकाचे मूल्य. त्याखाली दोन्ही कसोट्यांचे नव्याने काढलेले कट-ऑफ, खोटी ओरड दोघींची सारखी, एका दशांशानेही झुकते माप नाही, ना तिला ना हिला. मग ताकदीचे आकडे. आणि तळाशी एकच शब्द: न्हाय. पुढचा कागद, न्हाय. एकावर लिहिले होते, "जवळ आलती. न्हाय." एकावर, "बरोबरी. पण जिंकली न्हाय." शाई बदलत गेलेली, अक्षर शेवटी शेवटी हललेले. एक आकडा त्याने इकडचा तिकडे केला असता तर तो माझ्या दारात आला असता. त्याने तो केला नाही, कारण तो मधू होता. आणि मी काही न आणता, रिकाम्या हाताने, नुसता गेलो असतो तर त्याने दार उघडले असते. दोघेही वाट बघत बसलो. त्याच्याकडे वाट बघायला कारण होते, माझ्याकडे नव्हते.

चळत आणि रीळ घेऊन घरी आल्यावर मी पहिले काम केले ते नियतकालिकाला पत्र लिहिण्याचे, की निबंधातला तक्ता चुकीचा आहे, तो मागे घ्यावा, आणि चूक अमक्याने दाखवून दिली होती. बैल गेला आणि झोपा केला, पण केला. पत्र परत आले. ते नियतकालिक बंद पडून काही वर्षे झाली आहेत. मागे घ्यायचे तर घ्यायला कुणी उरलेले नाही. ज्याची माफी मागायची तो माणूस नाही आणि जिथे दुरुस्ती छापायची ते पान नाही. म्हणून हे इथे, रविवारच्या पुरवणीत, जिथे पुढच्या पानावर लोक पाककृती वाचणार आहेत. माझी कसोटी मी सांगितली तेवढी ताकदवान नाही. मधुकर शिंगे यांनी हे मला माझ्या घरात, चहा पिताना सांगितले होते. मी त्यांचा अपमान करून त्यांना घालवून दिले.

कागद मी मोजले. चोवीस पूर्ण होते. पंचविसाव्यावर फक्त मथळा होता: "एका गटातले थोडेच लोक बदलतात, बाकीचे होते तसेच राहतात." त्याखाली कोरे. हा प्रयोग करायचा राहून गेला होता. चार दिवस मी तो कागद नुसता बघत होतो. पाचव्या सकाळी संगणक लावला. खरे सांगतो, मी आशेने लावला. मला वाटले, ज्या अर्थी हा शेवटचा आहे त्या अर्थी... आधी दोन्ही गट सारखे ठेवून दहा हजार वेळा चालवले, दोघींचे कट-ऑफ काढले, खोटी ओरड शंभरात पाचावर आणली. त्याच्यासारखे, दोनदा तपासून. मग ताकद मोजली. बायको दारात उभी होती. तिने विचारले, "जिंकली?"

मी आकडे कागदावर उतरवले आणि तळाशी लिहिले, न्हाय. पंचवीस झाले. आता बांधायला हवेत म्हणून रिळाचा दोरा घेतला, कट्ट्याभोवती गुंडाळला, दोनदा, तीनदा. दर वेळी तो ढिला होऊन सुटतो. ती गाठ मला येत नाही, आणि आता शिकवायला कुणी नाही. कागद टेबलावर तसेच सुटे पडून आहेत.